हाताला काम

९ मे २०१६, माउंट रॉस्किल

वर्क व्हिसा आज संपला. नवा आला नाही.

डेबने सकाळी ड्यूटी सुरू व्हायच्या आधीच ऑफिसात बोलावून घेतलं. ती आमच्या वृद्धाश्रमाची मॅनेजर. एरवी दारातूनच ओरडून बोलते, आज दार लावून घेतलं तेव्हाच समजले. "निशी, नवीन कागद येईपर्यंत मला तुला रोस्टरवर ठेवता येणार नाही. एक तासही नाही." मी म्हटलं, माहीत आहे. तिने मला मिठी मारली आणि लगेच माझ्या नावाचा बिल्ला मागून घेतला. दोन्ही एका दमात.

मैत्रेयचंही तेच. ओटाहुहूच्या पावाच्या कारखान्यातून त्याला कालच सांगितलं होतं. आम्हा दोघांचा अर्ज एकच, त्यामुळे तारीखही एकच.

आमच्या घरमालकीणबाई, पुढच्या घरातल्या कलावतीकाकू, विचारत होत्या की बाकीच्या लोकांना मधल्या काळाचा व्हिसा मिळतो, मग तुम्हाला का नाही? कारण आम्ही आश्रय मागितलेला आहे, काकू. मूळ व्हिसा कधीच गेला. आम्ही विनंती करायची. इमिग्रेशनवाल्यांना वाटलं तर ते देतील, आणि कधी ते त्यांचं ते ठरवतील. इथे राहायला हरकत नाही. फक्त काम करायचं नाही.

१२ मे

भांडी दोनदा घासली. मैत्रेय खिडकीशी उभा राहून शेजारच्याचं लॉन मोजत असल्यासारखा बघत होता. पुण्यात असताना तो कवळ्या बनवायचा. डेंटल लॅबमध्ये त्याच्या हाताला नाव होतं. डॉक्टर लोक चिठ्ठीवर 'मैत्रेयकडेच द्या' असं लिहायचे. मेणाचा एकेक दात बोटाच्या टोकावर धरून तो असा फिरवायचा की मी शेजारी श्वास रोखून बसायचे. इथे ते काम कधी मिळालंच नाही, पण पावाच्या कारखान्यातून आला तरी निदान दमून यायचा. आता दमतही नाही.

दुपारी त्याने काकूंच्या किचनचा गळका नळ नीट करायला घेतला आणि मध्येच थांबला. "हे काम धरतील का गं?" त्याने खरंच विचारलं. मला हसू आलं नाही.

२२ मे

काकूंच्या मुलाने, सुशीलने, बुद्धपौर्णिमेचं जेवण ठेवलं होतं. त्यांची सगळी मंडळी आली होती, इंजिनिअर, आयटीतले, एक जोडपं तर आठ तास गाडी चालवत थेट अप्पर हटहून. मी सांगून टाकते: मला तिथे संकोच होतो. मी त्यांच्यात लग्न करून आले, आणि माझ्या घरच्यांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी कधी वाकडं बोललं नाही. उलट जास्तच वाढतात, आणि त्यानेच मला जेवण जात नाही.

तिथे गुरुनाथभाऊ भेटले. ते घरांच्या डागडुजीची कामं घेतात, रंग, खिडक्या, जुनी किचनं उखडून नवीन बसवणं. मैत्रेयशी बराच वेळ बाहेर डेकवर बोलत उभे होते. निघताना म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. आपली माणसं कशाला आहेत?" भला माणूस.

३० मे

मैत्रेयने चांगला मार्ग काढलाय. तो रोज लायब्ररीत जातो. इंग्रजी पक्कं करायचं, इथल्या डेंटल टेक्निशियनच्या परीक्षेची पुस्तकं वाचायची. गुरुनाथभाऊ सकाळी त्याला गाडीतून सोडतात, त्यांच्या वाटेवरच आहे म्हणे. डबा घेऊन जातो. मला बरं वाटलं. घरात दोघांनी एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा हे बरं.

९ जून

जोनला भेटायला गेले. ती वृद्धाश्रमातली माझी लाडकी म्हातारी. मला 'माय गर्ल' म्हणते. पाहुणी म्हणून सही करून आत गेले. जेवणाची वेळ होती. नवीन मुलगी तिघांना एकदम भरवत होती आणि जोनच्या हनुवटीवरून सूप ओघळून गळ्यात चाललं होतं. मी सवयीने रुमाल उचलला.

"निशी, प्लीज," डेब मागून म्हणाली. "आज तू व्हिजिटर आहेस. कुणी बघितलं आणि विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही."

मी रुमाल खाली ठेवला. जोन माझ्याकडे बघत तोंड उघडून वाट पाहत राहिली. सूप गळ्यापर्यंत गेलं. तेवढ्यात ती मुलगी आली.

परत जाणार नाही. हे लिहिलं तरी माहीत आहे, जाईन.

२१ जून

मैत्रेय जेवता जेवता झोपला. हातात भाकरीचा तुकडा तसाच. वाचून वाचून एवढं कोण दमतं? त्याच्या कानामागे पांढरी पूड दिसली. पुसली तर म्हणाला, जुनी पुस्तकं, धूळ असते. हाताची बोटं फुटलीत. थंडीने असेल. काकूंनी मलम दिलं, न मागता.

काकू फार करतात हल्ली. दर आठवड्याला भाजी, तांदूळ, कधी कोंबडी. "सुशीलने जास्त आणलं गं, वाया जाईल." सुशीलला बाजारहाटाचा अंदाज काही येत नाही, पण आमचं त्यावर चाललंय हेही खरं.

४ जुलै

आज तो आला तेव्हा त्याचे केस ओले होते. साबणाचा वास आमच्या साबणाचा नव्हता.

मी त्याला कोरडा टॉवेल दिला.

७ जुलै

आजही ओले.

१० जुलै

काल रात्री शेवटी विचारलं. "तिचं नाव काय?"

तो आधी हसला. मग माझं तोंड बघून थांबला. "निशू, तुला वाटतं तसलं काही नाही."

"मग आंघोळ कुठे करून येतोस?"

"लायब्ररीच्या बाजूला पूल आहे. पोहतो."

"तू? हुबळीच्या तलावात पाय बुडवायला घाबरणारा तू पोहतोस?"

"शिकतोय," म्हणाला आणि उठून गेला.

आज कुठूनतरी सेकंडहँड टॉग्ज, पोहायचे कपडे, आणून दोरीवर टाकले. मी हात लावून पाहिलं. कोरडे होते.

मी विचार करते की त्याला पश्चात्ताप होत असेल. तो माझ्यामुळे मार खाऊन बसला, माझ्यामुळे गाव, आई, लॅब, सगळं सुटलं. आता मी त्याच्यासमोर दिवसभर बसलेली असते, काही न करता, आणि बघितलं की त्याला तेच आठवत असणार. एखादी हसरी, नीटनेटकी बाई असेल लायब्ररीत. मी तरी काय देते त्याला? रोज तोच प्रश्न, व्हिसाचं काही कळलं का.

१९ जुलै

आमच्या वकीलबाई, सीना, सामोअन आहेत, आवाज मोठा, हात मऊ. आज ट्रिब्युनलसाठी, म्हणजे आमच्या अपिलासाठी, माझं निवेदन लिहून घेतलं. पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

बार्शीहून पळून पुण्यात लग्न केलं. चंद्रशेखरदादा, माझा सख्खा भाऊ, पोलिसात आहे. त्याने सहा महिन्यांत पत्ता काढला. आम्ही हुबळीला गेलो. नाव वेगळं सांगून खोली घेतली. तिथेही तो चार माणसं घेऊन आला. मैत्रेयचं गळ्याखालचं हाड तेव्हा मोडलं. दादा मला म्हणाला, "पुढच्या खेपेला हाड नाही." आणि पहिल्या निर्णयात अर्ज नाकारताना इथल्या अधिकाऱ्याने लिहिलं होतं की भारत मोठा देश आहे, तुम्ही तिसऱ्या शहरात राहू शकता.

सीनाने शेवटी विचारलं, "सध्या तुमचा दिवस कसा जातो? खरं तेच सांगा. तिथे सगळं तुमच्या शब्दावर ठरतं. एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टीही खोट्या वाटायला लागतात."

मी सांगितलं, आम्ही दोघंही काम करत नाही. मी घरी असते. माझे पती रोज लायब्ररीत जाऊन अभ्यास करतात. तिने टाइप केलं. मी सही केली. मैत्रेय शेजारी बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता, जुलैच्या थंडीत. दादाचा विषय निघाला की त्याला अजून असं होतं.

१९ ऑगस्ट

काय लिहू. तो वॉर्डात आहे. मी घरी आलेय कपडे न्यायला.

दुपारी काकू धावत मागच्या फ्लॅटवर आल्या. "चल, मैत्रेयला लागलंय, हॉस्पिटलात नेलंय." चपला घालायचं सुचलं नाही त्यांना. सुशीलने गाडी काढली. काकूंना कुणी कळवलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

उजवा हात. जुन्या घराच्या वर सरकवायच्या खिडकीची चौकट तो घासत होता, दोरी तुटली, काच खाली आली. तळव्यातून आरपार. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या शिरा तुटल्यात, डॉक्टर म्हणाले 'टेंडन्स'. दोन ऑपरेशनं लागतील.

खिडकी. घासत होता. मी ते शब्द ऐकले तरी मला वाटलं लायब्ररीची खिडकी. लायब्ररीत कशाला कुणी खिडकी घासेल? मग त्याच्या बुटांकडे लक्ष गेलं, पलंगाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत. रंगाने पांढरेफटक.

गुरुनाथभाऊ खाली हॉस्पिटलच्या दारात गाडीपाशी होते. मला बाजूला घेतलं. "वहिनी, नर्स विचारेल कुठे लागलं. मित्राच्या घरी खिडकी साफ करताना, एवढंच सांगायचं. काम हा शब्द काढू नका. तुमच्याच भल्यासाठी." त्यांच्या गाडीत आंघोळीचा टॉवेल दिसला मला, मागच्या सीटवर. आणि साबण.

मी त्यांना म्हटलं, "तुमच्या इथे विमा, कागद, काही?" ते म्हणाले, "आता हे बोलायची वेळ आहे का?" आणि गेले.

२० ऑगस्ट

शुद्धीवर आला. पहिलं वाक्य, "बाई नव्हती गं."

मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. तिथे एक माओरी म्हातारा सलाइनचा खांब धरून फिरत होता. "किआ ओरा, डिअर," त्याने नमस्कार केला. मी रडले ते त्याच्यासमोर.

परत आत गेल्यावर विचारलं, का?

"घरात बसून मी वेडा होत होतो. तुझ्यावर दोन वेळा हात उगारण्यापर्यंत आलो होतो, तुला कळलं नाही. हाताला काम नसलं की हात कुठे जातील सांगता येत नाही."

मला कळलं नव्हतं.

२६ ऑगस्ट

वर्क व्हिसा आला.

दोघांचा. ईमेलवर, सकाळी, चहा गाळताना. सीनाने लगेच फोन केला, ती आनंदाने ओरडत होती. तिला अजून हाताचं माहीत नाही. मी फक्त थँक्यू म्हटलं.

मैत्रेयने डाव्या हाताने फोन धरून तो ईमेल वाचला. पूर्ण वाचला, अटींसकट. मग फोन उपडा ठेवला.

डेबने सोमवारी ये म्हटलंय. मी जाणार.

१ सप्टेंबर

सुनावणी जवळ आली आणि घरात एकच भांडण.

मी म्हणते, सीनाला सांगू या. माझी सही आहे त्या निवेदनावर. तेव्हा ते माझ्या दृष्टीने खरं होतं, आता नाही.

तो म्हणतो, "हाताला कसं लागलं ते कोण विचारतंय? तू आपल्याच हाताने आपल्याला विमानात बसवतेस. एकदा आपण खोटे ठरलो की दादाही खोटा, हुबळीही खोटी. सीनाच म्हणाली होती ना?"

"म्हणूनच तर."

"आणि गुरुनाथ? तो अडकेल. त्याने मला वेळेला कामावर घेतलं."

"त्याने तुला दारात टाकून पळ काढला."

तो हळूच म्हणाला, "मला परत जायचं नाही, निशू. मला मरायला भीती वाटते. तुला सांगितलं नव्हतं कधी."

मी त्याच्या बँडेजवरून हात फिरवला. मलाही वाटते. तरी खोटं बोलून आत गेले आणि कुणी पुढचा प्रश्न विचारला, तर माझ्या तोंडावर सगळं दिसेल. मला तसं बोलता येत नाही. घरीही येत नव्हतं, म्हणून तर पळून यावं लागलं.

मजुरीचे पैसे कुठे गेले, हे त्याने अजून सांगितलेलं नाही. काकूंकडून हल्ली भाजी येत नाही. समोर दिसल्या की नजर चुकवतात. रागावल्यात का आमच्यावर? पोलीस-बिलीस येतील अशी भीती वाटत असेल. साहजिक आहे.

५ सप्टेंबर

त्याला न सांगता सीनाकडे गेले. सांगितलं.

तिने पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाईट हे वाटतंय की याच्यासाठी मी इमिग्रेशनला तीन वेळा लिहिलं होतं. लोकांना रिकामं बसवून ठेवू नका, म्हणून." निवेदनाला दुरुस्ती जोडू, म्हणाली. त्याचा फायदा होईल की तोटा, हे ती सांगू शकत नाही. मैत्रेयने सही केली नाही तर फक्त माझी जाईल.

घरी येऊन सांगितलं. त्याने ताट सरकवलं. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलाय, माझ्याशी एक शब्द नाही.

१३ सप्टेंबर

सुनावणी झाली. सगळं आठवतंय तोवर लिहिते.

छोटी खोली, कोर्टासारखी नाही. टेबलाच्या त्या बाजूला निर्णय देणाऱ्या बाई, पांढरे केस, कापडी पिशवीतून फाइल काढली. दुभाषी मराठीच, पुण्याकडच्या वाटल्या. मैत्रेय माझ्याशी अजून बोलत नव्हता. बसमध्येही एक सीट सोडून बसला होता.

आधी मला विचारलं. दादाबद्दल, हुबळीबद्दल, गाडीचा रंग, दार कोणी उघडलं. सगळं सांगितलं. मग बाईंनी माझ्या दुरुस्तीचा कागद पुढे ओढला. "जुलैमध्ये तुम्ही सांगितलंत की पती लायब्ररीत जातात. आता म्हणता ते काम करत होते. मी कोणतं खरं मानू?"

मी तोंड उघडलं. त्याआधी मैत्रेय उभा राहिला. बसा म्हटलं तरी उभाच.

"तिला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी तिच्याशी खोटं बोललो. तिने तुमच्याशी नाही. काम करायची परवानगी नव्हती, मी केलं. मला कुणी जबरदस्ती केली नाही. हुबळीत त्या लोकांनी मला मारलं तेव्हाही मी इतका मेलो नव्हतो, जितका इथे खिडकीशी उभा राहून मेलो. माझे हात रिकामे होते. मला दुसरं काही येत नाही हो, मला फक्त हात वापरता येतात."

दुभाषी बाई थांबल्या. त्यांनी एक वाक्य सुरू केलं, सोडलं, पुन्हा केलं. शेवटी सांगितलं ते मला इंग्रजीत फार लहान वाटलं. पण त्यांचा आवाज हलला होता.

निर्णय देणाऱ्या बाई लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हात कधी बरा होईल?" तो म्हणाला, अजून एक ऑपरेशन आहे, पण पहिल्यासारखा होईल असं वाटत नाही. मग त्यांनी वर बघितलं. "आपण दहा मिनिटं थांबू," म्हणाल्या.

बाहेर बाकावर तो माझ्याशेजारी बसला. मध्ये सीट न सोडता.

२४ नोव्हेंबर

मी जोनचे केस विंचरत होते तेव्हा फोन थरथरला. कामाच्या वेळी घ्यायचा नसतो. सीनाचं नाव बघून घेतला.

"दोघांचाही आश्रय मान्य झाला," ती म्हणाली. पुढे ती वाचून दाखवत होती. भाऊ पोलिसात असल्याने तो कुठेही शोधून काढू शकतो हे दोन वेळा सिद्ध झालं आहे. देश मोठा असला तरी. कामाबद्दल दोन ओळी होत्या: चुकीचं केलं, पण ते लपवलं नाही, आणि बाकीच्या कथनावरचा विश्वास त्याने कमी होत नाही.

जोनने विचारलं, "बॅड न्यूज, माय गर्ल?" मी खाली वाकून तिच्या कानात सांगितलं, नाही. तिला काय कळलं देव जाणे. केस मात्र तसेच अर्धे राहिले तिचे.

मैत्रेयला फोन केला. त्याने मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आईला कळवायचं कसं?" आणि रडायला लागला.

१९ डिसेंबर

हँड थेरपीवाली मुलगी प्रामाणिक आहे. पकड येईल, म्हणते. पिशवी उचलता येईल, स्टिअरिंग धरता येईल. बारीक काम नाही. अंगठा आणि बोटाचं टोक जुळत नाही, जुळणारही नाही.

तो म्हणाला, "ठीक." मग आम्ही घरी आलो. दारात म्हणाला, "वर्क व्हिसा तीन महिने आधी दिला असता तर."

मी कुलूप उघडलं. समजावण्यासारखं त्यात काय आहे?

१३ फेब्रुवारी २०१७

मैत्रेयला काम लागलं. डेंटल लॅबमध्येच, पण व्हॅन चालवायची. तयार झालेले दात वेगवेगळ्या दवाखान्यांत पोहोचवायचे आणि नवीन साचे घेऊन यायचे. इंटरव्ह्यूला मालकाने त्याचा हात बघितला, आणि मग त्याचा पुण्याचा अनुभव वाचला. किल्ली दिली.

आज पहिला दिवस. त्याने शर्टाला इस्त्री केली, डाव्या हाताने, कॉलर वाकडीच राहिली. मी नीट करायला गेले तर म्हणाला राहू दे. काकू पुढच्या दारात येऊन उभ्या होत्या. तो त्यांच्या पाया पडला. का ते मला कळलं नाही, त्या मात्र पदराने डोळे पुसत होत्या.

व्हॅन सुरू करायला त्याला उजवा हात वळवता येईना. मग डावा हात स्टिअरिंगच्या पलीकडून नेऊन किल्ली फिरवली. इंडिकेटर लावला, दोन्हीकडे बघितलं, रस्ता मोकळा असूनही पुन्हा बघितलं. गेला.

त्याच्याकडे बघत राहिले आणि माझी बस डोळ्यांसमोरून गेली. डेबला मेसेज केला, उशीर होतोय, सॉरी. तिचं उत्तर लगेच आलं: 'उशिरा आलीस तर आज सगळी टॉयलेटं तुझी.'

'स्वीट ॲज,' मी इथल्यांच्या भाषेत 'चालतंय' लिहिलं, आणि बसथांब्यावर ऊन येत होतं त्या बाजूला सरकून उभी राहिले.